सरावपत्रिका क्रमांक सात

रविवार, ५ मे. सकाळी साडेसात. ठिकाण: विटा, आमच्या घराचा पुढचा सोपा.
हजर: हे, मी, मुलगी. चहापुरते हजर: धाकटे दीर.
काम: सरावपत्रिका क्रमांक एक, इंग्रजी वाचन. प्रश्न दहा, वेळ वीस मिनिटं. बरोबर सहा. लागलेला वेळ सव्वीस मिनिटं.

ही नोंद माझ्या वहीतली. बावीस वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. ज्या कामाची यादी नाही ते काम होत नाही, हे मी तिथं शिकले आणि घरी आणलं. किराणा, गॅस, औषधं, पै-पाहुण्यांची कार्यं, सगळ्याला यादी. त्यामुळे यांना परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी वही घेतली, पट्टीनं पाच रकाने आखले: तारीख, पत्रिका क्रमांक, बरोबर किती, वेळ किती, चुकीचं कारण.

हे म्हणजे माझे यजमान. विट्याच्या आसपासच्या बहुतेक घरांतून एक तरी पुरुष गलाईच्या धंद्यात असतो. कुठल्या तरी लांबच्या शहरात, सराफ गल्लीत, दहा बाय दहाचं दुकान. सराफ जुने दागिने, मोडतोड, दुकानातला कचरासुद्धा आणून देतात आणि गलाईवाला ते मुशीत वितळवून, तेजाबात धुऊन, शुद्ध सोनं परत करतो. यांचं दुकान मदुराईला होतं. सव्वीस वर्षं. मी नोकरीमुळे आणि मुलीच्या शाळेमुळे इथंच राहिले. दिवाळीला पंधरा दिवस आणि जत्रेला आठ दिवस, एवढाच आमचा वर्षातला संसार.

आमच्याकडे अशा माणसाला त्याच्या शहरावरून ओळखतात. कोण कोईमतूरवाले, कोण कानपूरवाले. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर आडनावापुढं हातानं शहर लिहिलेलं असतं, म्हणजे पत्रिका वाटणाऱ्याचा घोटाळा होत नाही. यांना सगळं गाव मदुराईवाले म्हणायचं. माझ्या शाळेतसुद्धा नवा शिपाई मला मदुराईवाल्या बाई म्हणाला होता.

मागच्या दिवाळीला हे आले ते दुकान बंद करूनच. मोठी यंत्रं आली, सराफ तिकडं जायला लागले, आता लहान भट्टीत राम राहिला नाही, असं यांनी सांगितलं. धाकटे दीर बारा वर्षं यांच्याच दुकानात कामाला होते. त्यांनीही मान हलवली. मी दुसऱ्या दिवशी यादी केली: बँकेचा पत्ता बदलणे, रेशन कार्डावर यांचं नाव पाहणे, गादीचा कापूस पिंजून घेणे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एक्कावन्नाव्या वर्षी का होईना, माणूस घरी आला.

पण हे घरी रमेनात. चौकात जाऊन बसायचे आणि तासाभरात परत यायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "सगळी इचारत्यात, आता कुठं? काय सांगू? हितंच म्हणायचं तर लाज वाटती."

मार्चमध्ये दुबईचं निघालं. आमच्याच भागातला एकजण तिथल्या सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्यात आहे. माल आत घेणाऱ्या विभागात कस ओळखणारा अनुभवी माणूस हवा होता. त्यानं यांचं नाव सुचवलं. फोनवर मुलाखत झाली. हे हिंदीत बोलले, थोडं तमिळमध्ये बोलले, थोडं इंग्रजीत. सगळ्यांना पसंत पडले. अट एकच राहिली. मालाबरोबर येणारी पत्रं आणि सूचना वाचता यायला हव्यात, म्हणून व्यवहारातल्या इंग्रजीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. बोलण्याची यांना भीती नव्हती. वाचनाची होती. परीक्षा पुण्यात, एकवीस सप्टेंबरला. पास झाले तर ऑक्टोबरात जायचं.

मी एका ओळीत लिहिलं: परीक्षा पास करणे. त्याच्या शेजारी, पास झाले की पुन्हा जाणार, हे लिहिलं नाही. ते मला पाठ होतं.

मुलगी साताऱ्याला नोकरी करते. तिनं सरावपत्रिका शोधल्या, छापल्या आणि वडूज-मायणीमार्गे एसटीनं रविवारी घेऊन आली. शिकवण्याची पद्धतही तिनंच सांगितली: आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, आणि फक्त हवं तेवढंच शोधायचं. हे ऐकून यांनी चष्मा काढला.

"सोनं हातात न घेता भाव सांगायचा व्हय? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. मी पयल्या अक्षरापासनं वाचणार."

"आप्पा, वेळ जातो त्यात," मुलगी म्हणाली.

"वेळ तुमच्या साताऱ्यात जातो. आमच्याकडं लय हाय."

मे महिना चांगला गेला. पत्रिका आठवड्याला एक, बाकीचे दिवस नुसतं इंग्रजी वाचन. सहा, सात, सात, पुन्हा सहा. सकाळी साडेसातला हे अंघोळ करून टेबलाशी बसायचे. मी घड्याळ लावून भाकरीकडं जायचे आणि गजर वाजला की हात पुसत यायचे. तपासायला मी, उत्तरांचा कागद माझ्याकडं, उलटा ठेवलेला. शाळेत जायच्या आधी नोंद करून टाकायची. सव्वीस वर्षांत आम्ही रोज एका टेबलाशी असे कधी बसलो नव्हतो.

जूनमध्ये गुण उतरायला लागले. पाच. पुढच्या पत्रिकेला चार. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागं यांच्याकडं कारण मात्र असायचं आणि ते असं असायचं की वाद घालायची सोय नाही.

क्रमांक सातची पत्रिका मला शब्द न् शब्द आठवते. एका ऑफिसनं फर्निचरच्या दुकानदाराला पत्र लिहिलं आहे. तुमच्या चाळीस खुर्च्या मिळाल्या, त्यातल्या सहा मोडक्या निघाल्या, पुढच्या मंगळवारी आमच्याकडं बैठक आहे, तोपर्यंत बदलून द्याव्यात. प्रश्न सोपा होता: पत्र लिहिणाऱ्याला काय हवं आहे? पैसे परत, खुर्च्या बदलून, की नवं दरपत्रक? यांनी दरपत्रकावर खूण केली.

"आवं, खुर्च्या बदलून मागतोय की तो," मी म्हणाले.

"आगं, तू शाळेतली. तुला धंदा कळत न्हाई. आदी मोडक्याचं रडगाणं गायचं, मंग भाव पाडून मागायचा. ह्यो गडी पुढची आर्डर द्यायला बसलाय. मी असली गिऱ्हाइकं सव्वीस वर्सं बघितल्यात."

मला हसू आलं. चुकीच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: धंद्याचा विचार. त्या महिन्यात हे दोन शब्द मी त्या रकान्यात नऊ वेळा लिहिले. रात्री मुलीला फोनवर वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघी हसायचो. ती म्हणायची, आप्पांना पेपर काढायला बसवलं पाहिजे.

पण गुण काही चढेनात, आणि मी कामाची माणूस. मी उपाय लिहून काढले. चौकात जाणं बंद. चहा पत्रिका सुटल्यावर. उताऱ्याखाली पेन्सिलीनं रेघा मारायच्या. हे सगळं निमूट करायचे. उताऱ्यातल्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारायचे, एकही ओळ सोडायचे नाहीत, आणि वर बघून विचारायचे, आता? एका सकाळी शाळेत तपासणी होती, मला घाई होती, आणि दहापैकी तीन आले. मी बोलून गेले, "दहावी तरी कसे पास झाला होता हो तुम्ही?"

 यांनी पेन्सिलीला, टोपण नसताना, टोपण लावल्यासारखं केलं आणि ती खिशात ठेवली. त्या दिवसाच्या नोंदीत कारणापुढं मी लिहिलंय: लक्ष नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी अकरावी पत्रिका होती. मुलीनं छापलेल्या गठ्ठ्यात क्रमांक सात दोनदा आली होती. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा हे पहिलं पान वाचत होते. मी थांबवणार होते. मग म्हटलं, ओळखतील आणि हसतील, चला, आज तरी दहा येतील.

यांनी ती ओळखली नाही. पहिल्या अक्षरापासून वाचली, प्रत्येक ओळीखाली रेघ मारली, आणि खुर्च्यांच्या प्रश्नाला पैसे परत यावर खूण केली.

मी टेबलाशी बसले. भाकरी तव्यावर होती, ती करपल्याचा वास आला तरी बसून राहिले.

"पैसे परत का?" मी विचारलं.

"इस्वास उडालाय त्याचा. एकदा का मानसाचा इस्वास उडाला की बदलून दिलेला मालबी त्याला खोटाच दिसतो. पैशे घेणार आन दुकान बदलणार."

तितकंच ठाम. तितकंच पटण्यासारखं. मी कागद उचलून पालथा घातला आणि विचारलं, "मोडक्या खुर्च्या किती होत्या?"

हे पालथ्या कागदाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कागद का पालथा घातलास? दे की."

"कोणाचं पत्र होतं, आठवतंय?"

"दे की गं," एवढंच पुन्हा म्हणाले. लहान वयात आईकडं काही मागताना म्हणतात तसं.

मी कागद दिला. मग वही उघडली आणि त्या नऊ नोंदी पुन्हा वाचल्या, ज्यांवर आम्ही मायलेकी हसलो होतो. प्रत्येक ठिकाणी उताऱ्यातली गोष्ट हरवली होती, आणि रिकाम्या जागी यांनी धंद्यातली एक गोष्ट आणून बसवली होती. ती इतकी चपखल बसली होती की मला फट दिसलीच नाही.

सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. धाकट्या दिरांनी गाडी काढली. तासगावच्या पुढं हे खिडकीतून द्राक्षबागा बघत होते आणि म्हणाले, परीक्षेला पुण्याला जायचं तर पहाटे निघाय लागंल. मी म्हटलं, निघू.

डॉक्टरांनी यांना महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द दिले आणि थोड्या वेळानं परत मागितले. यांना दोन आठवले आणि तिसऱ्याला म्हणाले, "हे काय परीक्षेत येत न्हाई, साहेब." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण मी आता ओळखलं होतं की हे असं कशासाठी बोलतात. यांना तपासणीच्या यंत्राकडं नेलं तेव्हा मी वही पुढं ठेवली. डॉक्टरांनी गुणांचा रकाना झरझर पाहिला, पण कारणांच्या रकान्याशी बराच वेळ थांबले. एवढी तारीखवार नोंद सहसा घरचे ठेवत नाहीत, कशासाठी ठेवलीत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, इंग्रजीच्या परीक्षेसाठी. त्यांनी वहीच्या झेरॉक्स मागितल्या. मग समजावून सांगितलं: विसरलेली जागा ते बोलून भरून काढतायत. मुद्दाम नव्हे. त्यांना स्वतःलाही ते भरलेलंच खरं वाटतं.

रिपोर्ट संध्याकाळी आला. मेंदूचा भाग आकसत चालला आहे. या वयात कमी जणांना होतं, पण होतं. थांबवता येत नाही, वेग कमी करता आला तर करायचा. सुरुवात आताची नसणार, दीड-दोन वर्षांपूर्वीची असावी.

दीड-दोन वर्षं ऐकून मी दिरांकडं पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. बाहेर बाकावर आल्यावर त्यांनी सांगितलं. गलाईच्या दुकानात सोनं दोनदा तोलतात, वितळवण्याआधी आणि नंतर, आणि दोन्ही वेळा वजन गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं बोलायचं असतं. सगळा धंदा त्या बोललेल्या आकड्यावर चालतो. हे सव्वीस वर्षं बोलायचे. शेवटच्या वर्षात आधी एक आकडा बोलायचे आणि कुणी परत विचारलं की दुसराच. दोन सराफांनी माल परत नेला. तिसऱ्यानं चारचौघांत खोटारडा म्हटलं. त्या रात्री यांनीच भट्टी विझवली.

"यंत्रं आली म्हणून सांगितलंत मला," मी म्हणाले.

"यंत्रं आलीच की, वहिनी. खोटं न्हाई ते." मग गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "दादानी मला भट्टीवर बसायला शिकवलं. बारा वर्सं त्यांच्या हाताखाली. त्यांना कुठल्या तोंडानं म्हणू, तुमी इसरताय म्हणून?"

मी त्यांच्यावर रागावणार होते. पण त्यांनी एक वर्ष पाहून तोंड मिटलं होतं, आणि मी तीन महिने पाहून, लिहून, तारीख टाकून हसले होते. मी म्हणाले, चला, औषधं घेऊ, दुकान आठला बंद होतं.

त्यानंतरची कामं मी नेहमीसारखी केली. औषधांचा डबा, सकाळ-दुपार-रात्र असे खण. खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. गॅसची चावी वर. ऑगस्टच्या शेवटी मुलगी आली आणि आम्ही दोघींनी मिळून दुबईच्या कारखान्याला ईमेल लिहिली, प्रकृतीच्या कारणानं येणं शक्य नाही. इंग्रजी तिचं. मजकूर चार ओळींचा होता, पण आम्हाला दोन तास लागले. त्यांचं उत्तर फार सभ्य आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मनात आलं, हे म्हणाले असते, एवढं गोड लिहितोय म्हणजे दुसरा माणूस मिळालाय त्याला. त्या कामावर मी बरोबरची खूण केली.

एकवीस सप्टेंबरचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी मी रजा घेतली होती. यांनी तारीख विचारली नाही.

ऑक्टोबरात मायणीकडच्या एका नात्यातली लग्नपत्रिका आली. पाकिटावर आमचं आडनाव, आणि पुढं निळ्या शाईनं, हातानं: दुबईवाले. बातमी तिकडं पोचली होती, पुढची पोचली नव्हती. मी ते पाकीट बाजूला ठेवायच्या आत यांनी हातात घेतलं. वाचलं. हा एक शब्द यांनी कुठंही रेघ न मारता वाचला. मग गल्लीतल्या तीन घरांत जाऊन दाखवून आले आणि मला म्हणाले, "बग. अजून परीक्षा व्हायचीय, तवर लोकांनी नाव लावलंबी."

आता डिसेंबर आहे. पाकीट टेबलावर, पेन्सिलीच्या डब्याला टेकून उभं आहे. हे रोज सकाळी साडेसातला अंघोळ करून त्याच्यासमोर बसतात. बसले नाहीत तर दिवसभर येरझाऱ्या घालतात, म्हणून बसणं बरं. मी रोज पत्रिका देते, क्रमांक सात. मुलीनं तिच्या शंभर प्रती काढून ठेवल्या आहेत. यांना ती रोज नवी असते. घड्याळ मी आता लावत नाही, आणि बरोबर किती हा रकाना रिकामा सोडते. कारणांचा रकाना मात्र भरते. खुर्च्या मागवणाऱ्याचा मुलगा वेगळा निघालाय म्हणून त्याला निम्म्याच पाहिजेत. मंगळवारी बैठक नाही, साखरपुडा आहे. दुकानदार त्याचा व्याही आहे, म्हणून स्पष्ट बोलता येत नाही. काल यांनी बरोबर उत्तर दिलं, खुर्च्या बदलून. मी का विचारलं, तर म्हणाले, "मोडक्याचं दुसरं काय करायचं?"

मी तेही लिहून घेतलं.

उठताना रोज एकच विचारतात, "किती दिस राह्यलं गं परीक्षेला?" आणि मी भाकरीकडं तोंड करून म्हणते, "हायत अजून."

वहीच्या मागच्या पानावर चालू कामांची यादी असते. पान भरलं की न झालेली कामं मी पुढच्या पानावर उतरवून घेते. आज सकाळी पान भरलं. शाळेत दाखल्याची प्रत देणे, झालं. सांगलीहून औषध मागवणे, झालं. दिरांना रविवारी जेवायला बोलावणे, झालं. उरलेलं काम एकच होतं, ते नव्या पानावर पहिल्या क्रमांकावर लिहिलं. सप्टेंबरपासून हे सहावं पान.

१. परीक्षेची तारीख होऊन गेली, हे यांना सांगणे.